रेव्हरंड टिळकांचा दरबार

९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची प्राणज्योत मालवली. ख्रिस्ती माणसाने मृत्यूनंतर भूमीच्या कुशीत विसावावे, ही रूढ रीत. टिळकांनी मात्र आपल्या देहाला अग्नी द्यावा, असे आधीच सांगून ठेवले होते. त्याप्रमाणे त्यांचे दहन झाले आणि रक्षा नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला नेऊन ठेवण्यात आली. चोवीस वर्षे ख्रिस्ती म्हणून जगलेल्या, त्यातील बराचसा काळ मिशनच्या सेवेत घालवलेल्या धर्मोपदेशकाने अखेरच्या प्रवासासाठी हिंदू रीत निवडावी, यात वरवर पाहणाऱ्याला विसंगती दिसेल. टिळकांना ती दिसत नव्हती. बाप्तिस्म्याने आपला देव ठरला, देश आणि आप्त बदलले नाहीत, या भूमिकेवर त्यांनी सारे उत्तरायुष्य पणाला लावले होते.

शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून ज्यांनी मराठी कविता वाचली, त्यांना टिळक ठाऊक असतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. घायाळ पाखराची करुण कविता पाठ केलेल्या कित्येक पिढ्या महाराष्ट्रात आहेत. या कवीच्या नावामागे रेव्हरंड ही उपाधी कशी आली आणि तिच्यापायी त्याच्या घरावर काय प्रसंग गुदरले, याची माहिती मात्र पुष्कळांना लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे झाली. त्या ग्रंथाने टिळकांना अमर केले हे खरे; पण एक विक्षिप्त, शीघ्रकोपी, उदार नवरा ही त्यांची प्रतिमा इतकी ठसठशीत झाली की, मराठी ख्रिस्ती समाजासाठी या माणसाने मांडलेला प्रश्न तिच्याआड काहीसा झाकला गेला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. लोकमान्यांचे आडनाव, जात आणि जिल्हा एकच असला तरी दोघांत जवळचे नाते नव्हते. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. मुलाच्या वाट्याला आईचे सुख फार काळ आले नाही. ती गेल्यावर वडिलांच्या धाकातून निसटून हा मुलगा नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकू लागला. अन्न आणि आसरा कोणी देईल तेथे राहावे, मिळेल ते शिकावे, असे ते दिवस होते. संस्कृत काव्याची गोडी, कीर्तनाचे तंत्र, हरदासाचा आवाज आणि संतवाणीचा साठा ही पुढे ख्रिस्ती उपासनेला मिळालेली शिदोरी त्यांनी नाशिकच्या गोदाकाठी जमवली.

१८८०मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली आणि लक्ष्मीबाई म्हणून ओळखली जाऊ लागली. १८६८ साली जन्मलेली ही मुलगी त्या वेळी जेमतेम बारा वर्षांची होती. तिचे माहेर सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाने गाजलेले. वडिलांना बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात चालत नसे. अशा घरातून निघालेली मुलगी कशातच स्थिर नसलेल्या माणसाच्या पदरी पडली. टिळक कधी शिक्षक असत, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, कधी संपादक. नोकरी लागे आणि सुटे. हाती आलेला पैसा घरी पोहोचण्यापूर्वीच वाटेत कोणा गरजवंताकडे जाई किंवा अनावश्यक वस्तूत अडके. त्यांच्या उदारपणाचे कौतुक करताना रिकाम्या डब्यांशी गाठ कोणाची पडत होती, हे विसरता येणार नाही.

नागपूरला मात्र त्यांना काही काळ स्थैर्य लाभले. आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांच्या संपादनात गुंतले. तेथे धर्मग्रंथांचे वाचन जसजसे वाढले, तसतशी त्यांच्या मनातील जातिभेदाविषयीची चीड वाढत गेली. जातीने चिरफळ्या झालेला देश स्वतःच्या पायावर कसा उभा राहणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून नवा धर्म काढावा की काय, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. टिळक ख्रिस्ताकडे वळले ते या देशचिंतेच्या वाटेने. मोक्षाची ओढ पुढची.

१८९३च्या सुमारास नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यापासून सुरू झालेल्या गप्पा धर्मावर आल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. हा प्रवासी म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, असे पुढे अभ्यासकांनी सांगितले. टिळकांना ते भाकीत त्या वेळी वेडगळपणाचे वाटले. पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते आणि ते पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवरही प्रेम करायला सांगणारी ती वचने त्यांच्या मनातून हलेनात. राजनांदगावात नोकरी करताना त्यांनी ख्रिस्ती ग्रंथांचा अभ्यास चालू ठेवला, मिशनरी मंडळींशी पत्रव्यवहार केला आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या प्रार्थनामंदिरात बाप्तिस्मा घेतला. तो देणारे पाळक तुकाराम नथोजी हे एतद्देशीय होते. गोऱ्या मिशनऱ्याऐवजी मराठी पाळकाच्या हातून दीक्षा व्हावी, यालाही टिळकांच्या लेखी अर्थ असावा.

ते साल नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्याआधी पाचच वर्षे, १८९०मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे केला गेला, एवढ्या कारणावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर बहिष्काराचे सावट आले होते आणि प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांपर्यंत पोहोचला होता. १८९३मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून पुणे ढवळून निघाले होते. मिशनचा चहा जेथे एवढा महाग पडत होता, तेथे ब्राह्मणाचा बाप्तिस्मा म्हणजे जिवंतपणी मरण होते. बाबा पदमनजींनी १८५४ साली ती किंमत मोजली होती, रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये दीक्षा घेऊन मोजली होती. टिळकांच्या बाबतीत ती प्रथम मोजावी लागली लक्ष्मीबाईंना.

नवऱ्याने धर्म बदलल्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरी होत्या. पदरी लहानगा दत्तू. शोकाने त्यांचे भान हरपले, जीव द्यावा असे वाटण्याइतकी अवस्था झाली. त्यांची पहिली कविता जन्मली ती याच दुःखातून. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. कुंकू आहे, पण संसार नाही. बहिणीच्या आधाराने पंढरपूरला आणि अन्यत्र त्यांनी ही वर्षे काढली. टिळक पत्रे लिहीत, भेटीला येत, परत जात. त्यांनी बायकोवर धर्म लादला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. त्याचबरोबर, एवढा मोठा निर्णय घेताना त्यांनी तिला विश्वासात घेतले नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्या माणसाने आयुष्यभर समाजाशी नाते न तोडण्याचा आग्रह धरला, त्याने पहिला घाव घरातल्याच नात्यावर घातला. तो भरून यायला जवळपास पाच वर्षे लागली.

अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या. तेथेही त्यांची चूल वेगळी, सोवळे कायम आणि पाणी स्वतः भरलेले. टिळक एका बाजूला मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवत होते, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच घरी अशी दोन स्वयंपाकघरे होती. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनाने वेगळे वळण घेतले. देवाने जाती केल्या असतील तर त्या पशुपक्ष्यांप्रमाणे डोळ्यांना दिसायला हव्या होत्या. माणसामाणसांत तर तसा काही फरक दिसत नाही, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. जात आधी गळून पडली, ख्रिस्त नंतर आला. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने नवऱ्याच्या मागोमाग न जाता स्वतःच्या पायांनी केलेला हा प्रवास आहे. टिळकांचा मार्ग ग्रंथांतून गेला, लक्ष्मीबाईंचा पाण्याच्या घागरीवरून.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१पासून चालू होते. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२मध्ये तेथूनच निघू लागले. शाळा, वसतिगृहे, दवाखाने, खेडोपाडी छोट्या छोट्या मंडळ्या असा पसारा वाढला होता. ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातील. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनंतर मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांची संख्या मोठी होती. या मंडळीत टिळक दाखल झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, मराठी ख्रिस्ती माणूस शेजाऱ्यांपासून तुटत चालला आहे. त्याची गाणी परदेशी चालींवर बेतलेली, प्रार्थनेची पद्धत परदेशी, उपदेशक मिशनच्या पगारावर आणि शब्द अखेर मिशनऱ्याचा. देशाच्या सुखदुःखाचे वारे प्रार्थनामंदिराच्या दारापर्यंत येते आणि परत फिरते.

यावर टिळकांचा उपाय होता अभंगाचा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. ज्या पुलावरून आलो, तो पाडायचा कशाला? त्यांनी अभंग, ओवी, पदे, आर्या या घरच्या वृत्तांत ख्रिस्तभक्ती ओतली. टाळ, मृदंग, वीणा उपासनेत आणली. नगरच्याच मिशनातील कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्या आधी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. मूळचे हरदास असलेले टिळक त्या वाटेवर रमले आणि पूर्वरंग-उत्तररंगाच्या साच्यात येशूचे चरित्र उभे राहू लागले. पुढे लक्ष्मीबाईही कीर्तनाला उभ्या राहिल्या. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात अडीचशेच्या आसपास गीते एकट्या टिळकांची आहेत. मायबाप म्हणून देवाला आळवणारी, त्याच्यावर रुसणारी, त्याच्या चरणी लोळण घेणारी ही भाषा वारकऱ्याला परकी वाटावी अशी नाही. एका माणसाची एवढी गीते एकाच उपासनाग्रंथात असणे, हे मराठीत तरी दुर्मीळच म्हणावे लागेल.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होते. ज्या समाजातून बहुसंख्य ख्रिस्ती आले, त्याला जुन्या परंपरेचे एवढे अगत्य का असावे? गावकुसाबाहेर राहणाऱ्याला ख्रिस्ती होण्यात मुख्य आकर्षण होते ते जुन्या अपमानांपासून सुटण्याचे. त्याला परकी चाल आणि परका वेश म्हणजे मोकळीक वाटली असेल, तर त्यात नवल नाही. ब्राह्मण घरात वाढलेल्या टिळकांना परंपरेत जे गोड वाटले, ते ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते त्यांना तसेच वाटेल, असे गृहीत धरणे सोपे नव्हते. टिळकांच्या काही रचनांतील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या मंडळीला जडही गेली असेल. पण अभंग हा काही एकट्या ब्राह्मणांचा ठेवा नव्हता. चोखोबांनी तो गाइला होता. भजनाचे फड महारवाड्यातही रंगत होते. म्हणूनच टिळकांच्या पांडित्यापेक्षा त्यांचे अभंगच मंडळ्यांनी उचलून धरले. साधी चाल, एक टाळ आणि चार माणसे एवढ्यावर ते गाता येत होते. त्यासाठी पुस्तक वाचता येण्याचीही गरज नव्हती.

१९०४मध्ये त्यांना रीतसर धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मिशनचे मुखपत्र हाती असलेल्या या संपादकाने देशप्रेमाच्या कविता उघडपणे लिहिल्या. ख्रिस्ती म्हणजे सरकारचा माणूस, हा समज खोडून काढण्याची त्यांना तळमळ होती. मिशनरी मित्रांवर त्यांचे प्रेम होते, डॉ. ह्यूम यांच्यासारख्यांनी त्यांना सांभाळून घेतले होते. तरी पितृत्वाच्या आविर्भावात वावरणाऱ्या परदेशी मंडळींना त्यांनी वेळोवेळी सुनावले. चर्च या भूमीत रुजायचे असेल तर त्याचा कारभार या भूमीतील माणसांनी चालवला पाहिजे, हे ते सांगत राहिले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या पुढे संयुक्त चर्चमध्ये आणि १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाल्या. तोवर टिळकांच्या या म्हणण्याला अर्धशतक उलटून गेले होते.

नगरचे टिळकांचे घर हा एक वेगळाच संसार होता. दुष्काळातली पोरकी मुले, शिकायला आलेले विद्यार्थी, वाटसरू, कवी यांनी ते सदैव भरलेले असे. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाई गावाबाहेरच्या छावणीत राहून आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या वयाच्या मुलाच्या कवितेने सभा जिंकली आणि अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. टिळकही त्या संमेलनाला होते. पुढे बालकवी नगरला त्यांच्या घरी येऊन राहिले, लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढले, टिळकांशी भांडले, रुसले आणि कविता लिहीत राहिले. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी ब्राह्मणाचा मुलगा राहतो, जेवतो आणि हिंदूच राहतो, याचे त्या काळच्या अनेकांना कोडे पडले असेल. टिळकांच्या घरी ते कोडे नव्हते. मे १९१८मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. त्यानंतर बरोबर वर्षभराने टिळकांचेही जीवन संपले.

आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत टिळकांनी जे केले, ते त्यांच्या जवळच्यांनाही बुचकळ्यात टाकणारे होते. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला, घर सोडले, भगवी वस्त्रे धारण केली. ख्रिस्ती धर्मोपदेशक संन्याशाच्या वेशात दिसू लागला. साताऱ्याला त्यांनी बस्तान हलवले आणि ‘देवाचा दरबार’ नावाची संस्था स्थापली. ख्रिस्ताला गुरू मानणारे, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, या दरबारात सारखेच, ही तिची मूळ कल्पना. ज्या कल्पनेने टिळक झपाटले होते तिचा मथितार्थ असा, की ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या माणसाला आपले आईवडील, जात-गोत आणि गाव सोडून एका वेगळ्या जमातीत नाव नोंदवण्याची सक्ती का असावी? मिशनला आणि मंडळीला हे पेलणे अवघड होते. बाप्तिस्मा ऐच्छिक झाला तर मंडळीची सीमा कोणती? आणि ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावले, त्यांच्या त्यागाचे काय? खुद्द टिळक हेच त्या त्यागाचे उदाहरण होते. हिंदू समाजालाही ही कल्पना सहज पटण्यासारखी नव्हती. भगव्या वस्त्रांतला ख्रिस्ती म्हणजे धर्मांतराचा नवा सापळा, असा संशय येणे त्या काळी साहजिक होते.

लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हा दुसरा संन्यास होता. पहिल्या वेळी नवरा धर्मासाठी गेला, दुसऱ्या वेळी धर्मातल्या संस्थेतून बाहेर पडण्यासाठी. या खेपेस मात्र त्या मागे राहिल्या नाहीत. त्रागा केला आणि सोबतही गेल्या. साताऱ्यातल्या त्या अनिश्चित दिवसांचे ओझे पुन्हा त्यांनीच वाहिले.

दरबाराला रूप यायला वेळच मिळाला नाही. टिळकांची प्रकृती ढासळत गेली, उपचारांसाठी त्यांना मुंबईला आणावे लागले आणि सत्तावन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यानंतर दरबार सांभाळणारा त्यांच्या तोडीचा कोणी नव्हता. संस्था म्हणून तो विरून गेला. तो अयशस्वी झाला असे म्हणायला हरकत नाही. मात्र त्याची ठिणगी दुसरीकडे जाऊन पडली. नगरला टिळकांच्या सहवासात आलेले जॅक विन्स्लो हे इंग्रज अँग्लिकन धर्मगुरू त्यांच्या विचारांनी भारावले होते. त्यांनी १९२२मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. आश्रमी राहणी, भारतीय पद्धतीची उपासना आणि गोऱ्या-काळ्यांनी एका पंक्तीला बसणे ही त्याची वैशिष्ट्ये होती. हा संघ पुढे पुण्यात स्थिरावला. विन्स्लो यांनीच १९२३मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठी माणसाने ख्रिस्ती होऊन मराठी कसे राहावे, हे इंग्रज धर्मगुरूने आपल्या देशबांधवांना समजावून सांगितले, असाही एक योग त्यात होता.

आणखी एक काम टिळकांच्या हातून अपुरे राहिले होते. १९०९मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले होते. मराठीत या प्रकारची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले, तेव्हा तुकोबा अगदी बालवयात होते. स्टीफन्स यांच्यासाठी मराठी ही शिकून आपलीशी केलेली भाषा होती. टिळकांच्या ती तोंडात आईच्या दुधाबरोबर आली होती आणि ख्रिस्ताचे चरित्र ज्ञानेश्वरीच्या छंदात मराठी घराघरांत वाचले जावे, अशी त्यांची आकांक्षा होती. वर्षे गेली, संपादन, कीर्तने, दरबार यांत वेळ गेला आणि दहा-अकरा अध्यायांवर लेखणी थांबली.

टिळकांच्या पश्चात त्यांची ही वही लक्ष्मीबाईंनी उघडली. ज्या ग्रंथात ख्रिस्ताचे नाव आहे त्याला एके काळी त्यांनी स्पर्शही केला नसता. अक्षरओळख बेताची, व्याकरणाचा गंध नाही, वय पन्नाशी ओलांडलेले. मुलाच्या, देवदत्त टिळकांच्या, आग्रहाने एकीकडे त्या आठवणी लिहीत होत्या आणि दुसरीकडे ओवीला ओवी जोडत होत्या. त्यांनी एकूण चौसष्ट अध्याय रचून ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८मध्ये, नवरा-बायकोचे हे महाकाव्य छापून वाचकांच्या हाती आले.